कॉलेजचं बास्केटबॉल कच्चं असतं, म्हणूनच मी ते बघतो

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: “मी आठ-दहा वर्षं एनबीए बघतोय. यंदा मित्राच्या आग्रहाखातर मार्चमध्ये अमेरिकेतल्या कॉलेजांचे सामने बघायला बसलो. सोपे शॉट चुकतात, बॉल हातातून निसटतो, स्कोअर कसाबसा साठ-पासष्टपर्यंत जातो. तरी तिकडची माणसं त्यापायी वेडी होतात. यात नेमकं बघायचं तरी काय?”

तुमचं निरीक्षण बरोबर आहे. एनबीए म्हणजे अमेरिकेतली व्यावसायिकांची लीग. तिथल्या कुठल्याही संघाचा बाराव्या क्रमांकाचा खेळाडूसुद्धा बहुधा एकेकाळी आपल्या कॉलेजचा हिरो असतो. जगातले निवडक साडेचारशे जण एका बाजूला, आणि साडेतीनशेहून अधिक कॉलेजांतली अठरा ते बावीस-तेवीस वर्षांची पोरं दुसऱ्या बाजूला. हातातलं कसब बघायचं असेल तर एनबीएच बघावं. मीही बघतो.

पण मी कोच आहे. पंचवीस वर्षांपूर्वी नागपूरहून कॅन्ससला एमएस करायला गेलो, काही वर्षं तिथे काढली, परत आलो आणि तेव्हापासून शाळेतल्या मुलामुलींना शिकवतोय. एनबीएच्या सामन्यातून मला घरी नेण्यासारखं फार थोडं मिळतं. स्टेफ करीचा शॉट मी कुणाला शिकवणार? कॉलेजच्या सामन्यातून मात्र दर वेळी वहीची दोन पानं भरतात. कारण तिथे प्रत्येकाकडे काहीतरी कमी असतं. कुणाकडे उंची नसते, कुणाकडे शूटर नसतो, कुणाकडे वेग नसतो, आणि वर्षं तर सगळ्यांकडेच मोजकी असतात. ती कमतरता डोक्याने कशी भरून काढायची, हा सगळा खटाटोप डोळ्यांसमोर चालतो. तुम्हाला जे कच्चेपण खटकलं, त्यातूनच खेळातला विचार उघडा दिसतो. पक्क्या खेळात तो झाकला जातो.

आधी लॉरेन्सबद्दल सांगतो, कारण माझं प्रेम तिथे जडलं.

लॉरेन्स हे कॅन्सस राज्यातलं टेकडीवरचं विद्यापीठाचं गाव. तिथल्या ॲलन फील्डहाउसमध्ये तेव्हा सोळा हजारांवर माणसं बसायची. १९५५ सालची इमारत, वर उंच खिडक्या, आत लाकडी बाकं, खांद्याला खांदा लावून बसायचं. बाहेर बर्फ असतं आणि आत घाम येतो. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा पाहुण्या संघाच्या खेळाडूंची नावं पुकारायला सुरुवात झाली आणि विद्यार्थ्यांचा अख्खा स्टँड विद्यापीठाचं वर्तमानपत्र तोंडापुढे धरून वाचू लागला. ‘तुम्ही कोण, आम्हाला ठाऊक नाही’ असं सांगण्याची ती रीत. मग आपला संघ आला आणि त्याच वर्तमानपत्राचे बारीक तुकडे हवेत उडाले. शेवटच्या मिनिटांत जिंकणं पक्कं झालं की सगळे उभे राहतात आणि एका संथ, जवळजवळ देवळातल्यासारख्या लयीत म्हणतात, ‘रॉक चॉक, जेहॉक, केयू’. ही घोषणा मूळ १८८६ सालची, विद्यापीठाच्या रसायनशास्त्राच्या एका प्राध्यापकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी बांधलेली. त्यातला ‘चॉक’ म्हणजे त्या टेकडीतला चुनखडीचा दगड, ‘जेहॉक’ हा विद्यापीठाचा चिन्ह-पक्षी, आणि ‘केयू’ म्हणजे कॅन्सस विद्यापीठ. माझ्या शेजारी सत्तरीच्या आजी होत्या, पलीकडे त्यांचा नातू, आणि दोघांच्या तोंडी तीच लय. तेव्हा मला कळलं की इथे माणसं खेळाडूंच्या मागे आलेली नाहीत. खेळाडू चार वर्षांनी जाणारच. ती त्या जागेशी बांधलेली आहेत.

आणि जागाही कसली! १८९१ साली स्प्रिंगफिल्डच्या वायएमसीए शाळेत पीचच्या टोपल्या टांगून हा खेळ ज्याने शोधला, तो जेम्स नेस्मिथ पुढे कॅन्ससला आला आणि तिथला पहिला कोच झाला. त्याचा हिशेब ५५ विजय आणि ६० पराभव. विद्यापीठाच्या इतिहासात जिंकण्यापेक्षा जास्त हरलेला तो एकमेव कोच. पण त्याच्या हाताखाली फॉग ॲलन तयार झाला. ॲलनच्या हाताखाली ॲडॉल्फ रप आणि डीन स्मिथ खेळले. रपने केंटकी उभं केलं, स्मिथने नॉर्थ कॅरोलायना. स्मिथच्या संघात १९८२ साली पहिल्याच वर्षाला असलेल्या मायकल जॉर्डनने जॉर्जटाउनविरुद्ध कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या फायनलचा निर्णायक शॉट टाकला, ६३-६२. स्मिथचाच सहायक रॉय विल्यम्स पुढे कॅन्ससचा कोच झाला. आपल्याकडे गाण्यातल्या घराण्याची जशी वंशावळ सांगतात, कोण कुणाकडे बसला, कुणाची तान कुठून आली, तशीच ही सांगता येते. आणि ती नुसती नावांची नाही. बॉल जाळीतून पडला की क्षणात पुढे पळवायचा, ही विल्यम्सची ओढ स्मिथकडची. सामना बघतानाही ती ओळखू येते.

जानेवारी २००३ मधला टेक्सासविरुद्धचा सामना माझ्या डोळ्यांसमोर अजून आहे. कॅन्ससचा निक कॉलिसन चौथ्या वर्षाला होता. उडी बेताची, दिसायला साधा. त्या रात्री त्याने २४ पॉइंट आणि २३ रिबाउंड घेतले, म्हणजे चुकलेल्या शॉटनंतर उसळलेला बॉल तेवीस वेळा पकडला. मी त्याच्या पायांकडेच बघत होतो. शॉट सुटला रे सुटला की त्याचे डोळे बॉलवरून हटून समोरच्या माणसावर जायचे. आधी पाठ टेकवून त्याला मागे ढकलायचं, मगच वर बघायचं. आम्हाला नागपुरात ‘बॉक्स आउट’ म्हणून शिकवलं होतं तेच, पण चाळीस मिनिटांत एकदाही न विसरता केलेलं मी पहिल्यांदा बघितलं. शेवटाकडे तो पाचव्या फाउलवर बाहेर गेला तेव्हा सगळं फील्डहाउस उभं राहिलंच, पण कोर्टालगत टीव्हीवर समालोचन करणारे डिक व्हायटल हेही हेडफोनसकट उभे राहून टाळ्या वाजवत होते. कॅन्सस ९०-८७ जिंकलं. आज मी मुलांना रिबाउंड शिकवतो ते कॉलिसनचंच.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये फायनलला सिरॅक्यूस समोर होतं. आम्ही दहा-बाराजण एका खोलीत टीव्हीसमोर. सिरॅक्यूसचे कोच जिम बोहाइम एका बचावासाठी ओळखले जातात: २-३ झोन. म्हणजे एकेका माणसाला धरायचं नाही, पुढे दोन, मागे तीन अशी जागा राखायची. त्या सामन्यात कॅन्ससने ३० फ्री थ्रो, म्हणजे फाउलबद्दल मिळणारे मोकळे शॉट, घेतले आणि त्यातले फक्त १२ आत गेले. हरलो ८१-७८, तीन पॉइंटने. शेवटी कोपऱ्यातून मायकल लीने टाकलेला थ्री-पॉइंटर हकीम वॉरिकने लांबून झेप घेत अडवला. एकट्या कॉलिसनने १९ पॉइंट आणि २१ रिबाउंड केले, पण त्याचेही दहापैकी सात फ्री थ्रो चुकले. कॉलेजातली त्याची ती शेवटची मॅच. पुढच्या वर्षी बघू, हे त्याला म्हणताच येणार नव्हतं. आणि आठवड्याभरात रॉय विल्यम्स कॅन्सस सोडून नॉर्थ कॅरोलायनाला, आपल्या गुरूच्या घरी निघून गेले. लॉरेन्समध्ये तेव्हा जी शांतता होती, ती घरातून कुणी उठून गेल्यावरची होती.

पाच वर्षांनी, २००८ मध्ये, उपांत्य सामन्यात कॅन्ससपुढे आले ते विल्यम्स आणि त्यांचं नॉर्थ कॅरोलायना. कॅन्सस एका टप्प्यावर ४०-१२ ने पुढे होतं; शेवटी ८४-६६ जिंकलं. दोन दिवसांनी फायनलला, मेम्फिसविरुद्ध, विल्यम्स प्रेक्षकांत बसले होते आणि त्यांच्या शर्टावर कॅन्ससच्या जेहॉक पक्ष्याचा स्टिकर होता. त्यावरून कॅरोलायनात बरीच नाराजी झाली. मला मात्र तो स्टिकर बघून भरून आलं होतं. त्या सामन्यात दोन मिनिटं बारा सेकंद उरली असताना कॅन्सस नऊ पॉइंटने मागे होतं. आणि मेम्फिसच्या पोरांनी फ्री थ्रो चुकवायला सुरुवात केली, एकामागून एक. २.१ सेकंद उरले असताना मारियो चामर्सने थ्री-पॉइंटर टाकून बरोबरी केली आणि जादा वेळात कॅन्सस ७५-६८ जिंकलं. २००३ मध्ये ज्या गोष्टीने आम्हाला मारलं, तिनेच २००८ मध्ये तारलं. फ्री थ्रो म्हणजे कुणी अडवायला नाही, पंधरा फुटांवर रिंग. वीस वर्षांच्या पोराचा हात तिथेही जड होतो. एनबीएमध्येही फ्री थ्रो चुकतात, पण त्यांना दोन दिवसांनी दुसरा सामना असतो.

इथे मूळ मुद्द्यावर येतो. एनबीएमध्ये नेहमीच्या हंगामात ८२ सामने आणि पुढे प्रत्येक फेरी सातातल्या चारांची. ही रचना न्याय्य आहे. जो खरा चांगला, तोच बहुतेक जिंकतो. कॉलेजच्या मार्चमधल्या स्पर्धेत ६८ संघ, चार गटांत विभागलेले, प्रत्येक गटात एक ते सोळा मानांकनं, आणि एक पराभव म्हणजे घरी. त्या हंगामापुरतंच नव्हे. जे चौथ्या वर्षाला आहेत, त्यांच्यातल्या बहुतेकांसाठी गंभीर बास्केटबॉल त्या संध्याकाळी कायमचं संपतं, कारण पुढे व्यावसायिक खेळणारे अगदी थोडे. बेंचवर टॉवेल तोंडावर घेतलेला मुलगा टीव्हीवर दिसतो, तेव्हा तो एका सामन्यासाठी रडत नसतो.

आता कमी असलेल्यांनी डोकं कसं चालवायचं, याचे दोन नमुने जवळून बघू.

पहिला १९९६ चा. प्रिन्स्टन विरुद्ध यूसीएलए. यूसीएलए आदल्या वर्षीचे विजेते. प्रिन्स्टन ज्या आयव्ही लीगमध्ये खेळतं, तिथे खेळासाठी शिष्यवृत्तीच देत नाहीत. पोरं अभ्यासाच्या जोरावर आलेली. त्यांचे कोच पीट कॅरिल त्या मोसमानंतर निवृत्त होणार होते. त्यांनी वर्षानुवर्षं एक पद्धत घडवली होती: उंच माणसाला रिंगखाली ठेवायचंच नाही, वर आणायचं, म्हणजे त्याच्यामागोमाग बचाव करणाराही वर येतो आणि रिंगखालची जागा मोकळी होते. पाचही जण पास देणारे, पाचही जण कापून पळणारे. घाई नाही. समोरचा वैतागून बॉल मध्येच पकडायला पुढे झुकला की त्याच्या पाठीमागून सुसाट रिंगकडे जायचं. याला बॅकडोर कट म्हणतात. ४१-४१ अशी बरोबरी, शेवटचे काही सेकंद. वर उभा असलेला स्टीव्ह गुडरिच, बाजूला पहिल्या वर्षाचा गेब लेव्हलिस. बचाव करणारा एक पाऊल पुढे आला, लेव्हलिस मागून सुटला, टप्प्याचा पास, बोर्डवर अलगद लेअप. ४३-४१.

हा व्हिडिओ मी दर वर्षी नव्या मुलांना दाखवतो. आमच्याकडे सिमेंटचं कोर्ट, मुलं उंचीने बेताची, आणि स्पर्धेला गेलो की समोर हमखास सहा फुटी पोरं. दोन वर्षांपूर्वी नववीतल्या एका मुलीला हा कट जमेना. ती कट घेताना बॉलकडे बघत पळायची, त्यामुळे बचाव करणारीला आधीच कळायचं. मी तिला म्हटलं, “बॉल विसर. तिचा पुढचा पाय बघ. तो तुझ्या रेषेच्या पुढे आला की निघ, बॉल येईल.” तीन आठवडे लागले. मग जिल्ह्याच्या सामन्यात, तिच्यापेक्षा हातभर उंच मुलीच्या मागून ती निघाली, आणि बॉल आला. लेअप चुकला तिचा. पण माझ्याकडे बघून हसली, कारण कट बरोबर होता हे तिला कळलं होतं. प्रिन्स्टनच्या त्या बास्केटमधून नागपूरच्या कोर्टापर्यंत काहीतरी सरळ येऊ शकतं. लेब्रॉनच्या डंकमधून येत नाही.

दुसरा नमुना २०२३ चा. फेअरली डिकिन्सन हे न्यू जर्सीमधलं छोटं विद्यापीठ. आदल्या वर्षी त्यांचे फक्त चार विजय होते, बावीस पराभव. नवे कोच टोबिन अँडरसन खालच्या दर्जाच्या डिव्हिजन टूमधून आले आणि येताना आपल्या काही मुलांना घेऊन आले. त्यातला डिमेट्रे रॉबर्ट्स पाच फूट आठ इंच. सगळ्या डिव्हिजन वनमधला, म्हणजे कॉलेजांच्या सर्वांत वरच्या दर्जातला, सर्वांत बुटका संघ. आपल्या छोट्या लीगच्या फायनलमध्येही ते एका पॉइंटने हरले होते. पण जिंकलेल्या मेरिमॅकला नियमाप्रमाणे अजून मोठ्या स्पर्धेत खेळता येत नव्हतं, म्हणून यांना जागा मिळाली. आणि समोर कोण? अव्वल मानांकित परड्यू, ज्यांच्याकडे सात फूट चार इंचांचा झॅक एडी.

आता कोच म्हणून विचार करा. सात फूट चार इंचांना उंचीने उत्तर नाही. मग एडीकडे बॉल जाण्याआधीच सामना खेळायचा. अँडरसनच्या मुलांनी कोर्टभर दबाव लावला; परड्यूचे बॉल आणणारे गार्ड पहिल्या वर्षाचे होते, त्यांना श्वास घेऊ दिला नाही. एडीपुढे एक, मागे एक. बाहेरचे शूटर मोकळे राहिले तर राहू देत, टाका म्हणावं. परड्यूने २६ थ्री-पॉइंटर घेतले आणि त्यातले ५ आत गेले. एडीने २१ पॉइंट आणि १५ रिबाउंड घेतले, तरी फेअरली डिकिन्सन ६३-५८ जिंकलं. सोळाव्या मानांकनाच्या पुरुष संघाने पहिल्या मानांकनाला हरवण्याची ती इतिहासातली दुसरी वेळ. परड्यूच्या चुकलेल्या शॉटना तुम्ही कच्चा खेळ म्हणाल. मी ते चुकवायला लावलेले शॉट म्हणेन.

पहिली वेळ २०१८ ची, आणि तिची पुढची गोष्ट तर मी माझ्या प्रत्येक बॅचला सांगतो. व्हर्जिनिया सगळ्या स्पर्धेत अव्वल मानलेला संघ, देशातला सगळ्यात चिवट बचाव त्यांचा. समोर बाल्टिमोरजवळचं यूएमबीसी. १९८५ पासून पहिल्या मानांकनाचे संघ सोळाव्यांविरुद्ध १३५ सामने खेळले होते आणि १३५ जिंकले होते. मध्यंतराला २१-२१. दुसऱ्या अर्ध्यात यूएमबीसीने ५३ पॉइंट टाकले. ७४-५४. व्हर्जिनियाच्या मुलांनी पुढचं वर्षभर काय ऐकलं असेल याची कल्पना करा. कोच टोनी बेनेट त्या रात्री पत्रकारांसमोर शांतपणे बसले, यूएमबीसी आपल्यापेक्षा चांगलं खेळलं हे सरळ मान्य केलं. आणि २०१९ मध्ये काइल गाय, टाय जेरोम, डीॲन्ड्रे हंटर परत आले. परड्यूविरुद्ध अगदी शेवटच्या क्षणी बरोबरी. ऑबर्नविरुद्ध दोन पॉइंटने मागे, ०.६ सेकंद उरलेले, गायला तीन फ्री थ्रो. तिन्ही आत गेले. ६३-६२. फायनलला टेक्सास टेकविरुद्ध जादा वेळात ८५-७७. मला त्या तीन फ्री थ्रोंचं अजूनही नवल वाटतं. वर्षभर मनात ती हार घेऊन फिरणारा मुलगा, बहात्तर हजार माणसांसमोर, एकटा रेषेवर.

नियमांतल्या फरकांबद्दल थोडंच सांगतो. एनबीएत हल्ल्यासाठी २४ सेकंद, इथे ३०. हे सहा सेकंद दिसायला थोडे आहेत, पण त्यात एक हालचाल फसली तर दुसरी करायला वेळ मिळतो. एनबीएत बचाव करणाऱ्याला रिंगखाली तीन सेकंदांपेक्षा जास्त नुसतं उभं राहता येत नाही. इथे राहता येतं, त्यामुळे झोनचे नाना प्रकार बघायला मिळतात. इथे पाच फाउलला बाहेर, तिथे सहा. चांगल्या खेळाडूला पहिल्या अर्ध्यात दोन फाउल झाले की कोचसमोर पेच पडतो: बसवायचं की जोखीम घ्यायची? तुम्ही घरी बसून आधी स्वतः ठरवा आणि मग कोच काय करतो ते बघा. सामना बघण्याची गोडी तिथून लागते.

मुलींचे सामने वगळू नका. माझ्याकडच्या मुलींमुळे मी ते लक्षपूर्वक बघायला लागलो आणि आता कित्येकदा तेच आधी लावतो. आयोवाच्या केटलिन क्लार्कने २०२४ मध्ये पीट मॅराविचचा कॉलेजातल्या एकूण ३,६६७ पॉइंटचा विक्रम मागे टाकला. मॅराविचच्या काळी थ्री-पॉइंट रेषा नव्हती आणि पहिल्या वर्षाला मुख्य संघात खेळू देत नसत, हे मी त्याच्या न्यायासाठी सांगून ठेवतो. त्या वर्षीची मुलींची फायनल अमेरिकेत सुमारे १ कोटी ८९ लाख लोकांनी टीव्हीवर बघितली. मुलांच्या फायनलपेक्षा जास्त. आणि जिंकलं कोण? क्लार्कचं आयोवा नाही, डॉन स्टेलींचं साउथ कॅरोलायना, ८७-७५, अख्ख्या मोसमात एकही सामना न हरता, ३८-०. एका विलक्षण खेळाडूला दहा-बारा जणींच्या शिस्तबद्ध संघाने कसं आवरलं, हे बघायला तो सामना पुन्हा लावावा.

एक दुखणंही सांगायला हवं, नाहीतर उत्तर अर्धवट राहील. कॉलेज बास्केटबॉल गेल्या काही वर्षांत झपाट्याने बदललं. २०१० मध्ये मार्चच्या स्पर्धेच्या प्रक्षेपणाचे हक्क चौदा वर्षांसाठी १०.८ अब्ज डॉलरना विकले गेले आणि तेव्हा खेळणाऱ्या मुलाला स्वतःचं नाव छापलेल्या शर्टाचा एक डॉलरही घ्यायची मुभा नव्हती. हा उघड अन्याय होता. जुलै २०२१ पासून ते आपल्या नावावर कमाई करू शकतात, आणि २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर विद्यापीठंही त्यांना थेट पैसे देऊ लागली. मला यात काही चूक दिसत नाही. पण त्याचबरोबर एका कॉलेजातून दुसऱ्यात जाणं इतकं सोपं झालं, की दर वसंतात हजाराहून जास्त मुलं घर बदलतात. फेअरली डिकिन्सनसारख्या ठिकाणी एखादा चमकला की पुढच्या वर्षी तो मोठ्या विद्यापीठाच्या शर्टात दिसतो. कॉलिसनला आम्ही चार वर्षं वाढताना बघितलं; पहिल्या वर्षी अवघडलेला, चौथ्या वर्षी सगळ्यांना हाताशी धरून नेणारा. ती ओळख आता क्वचित होते. मला त्याची हळहळ आहे. तरीही एडीसारखे असतात: २०२३ च्या त्या मानहानीनंतर तो चौथ्या वर्षासाठी परड्यूलाच थांबला, २०२४ मध्ये संघाला फायनलपर्यंत घेऊन गेला, तिथे ३७ पॉइंट टाकले, आणि कनेटिकटकडून ७५-६० हरला.

तुम्ही सुरुवात कुठून करावी? बहुतेकजण थेट फायनल लावतात. मी तसं करू नका म्हणेन. मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात छोट्या लीगच्या फायनल असतात. तिथल्या विजेत्यालाच मोठ्या स्पर्धेचं तिकीट. हरलेल्याला बहुधा काहीच नाही. दोन-तीन हजार माणसांचं जिम्नॅशियम, बँडमध्ये वाजवणारी वर्गमित्र मंडळी, आणि दोन्ही संघांतल्या कुणालाही एनबीए बोलावणार नाही हे त्यांना स्वतःला पक्कं माहीत. असा एक सामना पूर्ण बघा. मग मुख्य स्पर्धेचे पहिले दोन दिवस, गुरुवार आणि शुक्रवार, रोज सोळा सामने. आपल्याकडे गुरुवारी रात्री साडेनऊच्या सुमारास सुरू होतात आणि शुक्रवारी सकाळपर्यंत चालतात. सगळे बघायचे नाहीत. बाराव्या-तेराव्या मानांकनाचा एखादा संघ निवडा, त्यांच्याकडे काय कमी आहे ते आधी वाचून ठेवा, आणि ते ती उणीव कशी लपवतात एवढंच बघा. पहिली दहा मिनिटं बॉलकडे बघू नका, बॉल नसलेल्या चौघांकडे बघा. फायनल आपल्याकडे मंगळवारी सकाळी सव्वासहाच्या आसपास सुरू होते. मी त्या दिवशी सकाळची प्रॅक्टिस ठेवत नाही, ज्या मुलांना यायचं ती माझ्या घरी येतात आणि पोहे खाता खाता बघतात.

आणि फेब्रुवारीच्या शेवटी किंवा मार्चच्या सुरुवातीला कॅन्ससचा घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना मिळाला, तर संपल्यावर टीव्ही बंद करू नका. तिथे शेवटच्या वर्षाची मुलं हातात माइक घेऊन कोर्टाच्या मध्यभागी उभी राहतात आणि एकेक करून बोलतात. त्यात वॉक-ऑनही असतात, म्हणजे शिष्यवृत्ती न मिळालेले, चार वर्षांत मोजून काही मिनिटं खेळलेले, पण रोजच्या प्रॅक्टिसला हजर राहिलेले. मी बघितलेल्या अशा एका संध्याकाळी त्यातलाच एक मुलगा बोलायला उभा राहिला. त्याने आधी आईचं नाव घेतलं, मग सामान सांभाळणाऱ्या मॅनेजरचं, मग इमारत झाडणाऱ्या माणसाचं. सोळा हजार माणसं, एकही जागेवरून उठलं नव्हतं.